गळतीमास्तरांची शिकवणी

आमच्या इमारतीतल्या प्लंबरला सगळे गळतीमास्तर म्हणतात. मागच्या खिशात पाना, कानामागे पेन्सिल आणि तोंडात एकच वाक्य : "गिऱ्हाईक दाखवतं तिथे गळत नसतं." तुम्ही म्हणा बेसिन गळतंय, मास्तर गच्चीवर चढलेच समजा. वीस वर्षांत हा माणूस सांगितलेल्या जागी पहिल्यांदा गेला असेल, तर शपथ!

तर या मास्तरांनी लेकीची शिकवणी घेतली. लेक दहा वर्षांची, घरात तिला टिचकी म्हणतात. टेकडीवरच्या मोठ्या शाळेत परीक्षा घेऊन साठच मुलं घेतात, तीही याच वयात, एकदाच. त्या शाळेतले सगळे नळ मास्तरांच्या ओळखीचे. कुठल्या भिंतीतून कुठला पाइप जातो ते सांगतील, पण वर्गात बाकावर काही ते कधी बसले नाहीत. लेकीने तरी बसावं, एवढंच त्यांच्या मनात होतं. गणिताची टिचकीला धास्ती नव्हती. घोडं अडलं होतं शब्दांच्या तर्काच्या पेपरावर. चाळीस प्रश्न, तीस मिनिटं.

संध्याकाळी हात धुऊन मास्तर पुस्तक उघडत.

"गटात न बसणारा शब्द सांग. सफरचंद, केळं, द्राक्ष, बटाटा."

"बटाटा."

"थांब! इतकं सोपं असतं तर विचारलं असतं का? हे दाखवतायत बटाटा. गळती दुसरीकडे असणार. केळं बघ, सोलावं लागतं."

"बटाटाही सोलतात, बाबा."

"मग द्राक्ष. घडाने येतं."

"केळ्यांचाही घड असतो."

बाप-लेक कपाळाला आठ्या घालून बसले. स्वयंपाकघरातून आईचा आवाज आला, "अहो, तुमचा निकाल लागेपर्यंत इथे बटाटे उकडून होतील!"

अखेर मागच्या पानावर उत्तर पाहिलं. बटाटा. मास्तरांनी पुस्तकाकडेच संशयाने बघितलं.

परीक्षेला आठ दिवस उरले असताना नाक्यावरच्या एका क्लासने मुलांचा सराव पेपर घेतला. मास्तर निकाल घेऊन जिना चढले ते छाती काढून.

"तेरा सोडवले, तेराच्या तेरा बरोबर!"

"आणि बाकीचे सत्तावीस?" आईने विचारलं.

"तिथवर पोचलेच नाही," टिचकी म्हणाली. "प्रत्येक प्रश्नात आधी गळती शोधली ना."

आईने कोरे राहिलेले प्रश्न बोटाने एकेक करून मोजले. ती रागावली असती तर मास्तरांना बरं वाटलं असतं.

दुसऱ्या दिवशी खालच्या मजल्यावरच्या, शाळेतून निवृत्त झालेल्या बाईंनी बोलावलं. सिंकखाली बादली, बादलीत टपटप.

"अरे मास्तर, इथे गळतंय."

"इथे दिसतंय, बाई. गळतंय दुसरीकडे."

मास्तरांनी वरची टाकी पाहिली. न्हाणीघरातल्या चार फरशा उचकटल्या. जेवायची वेळ टळली. बाई दारात उभ्या राहून तीनदा म्हणाल्या, "अरे, बादली कुठे ठेवलीय ते तरी बघ." शेवटी घाम पुसत मास्तर सिंकखाली वाकले. जोडातलं वॉशर झिजलं होतं. बदलायला दोन मिनिटं लागली. फरशा परत बसवायला संध्याकाळ.

"या तुझ्या डोक्याने पोरीला शिकवतोयस होय?" बाई म्हणाल्या. जिन्यात बातमी पोचायला वेळ लागतो थोडाच!

मास्तर घरी आले ते पाना हातात घेऊनच. लेकीसमोर बसले, घसा खाकरला. हे बोलणं त्यांना फरशा उचकटण्याहून जड गेलं.

"टिचके, माझं चुकलं. कधीकधी बादली असते तिथेच गळतं."

"कधीकधी?"

"बऱ्याचदा," मास्तर कसेबसे म्हणाले. "आता असं करायचं. बादली दिसली की वॉशर बदलायचं आणि पुढच्या घरी जायचं. अडलं तर खूण करून ठेवायची. वेळ उरला तरच फरशा उचकटायच्या."

उरलेले दिवस घड्याळ समोर ठेवून दोघं बसली. मास्तर "बादली!" म्हणत, टिचकी उत्तर देई. मधूनच मास्तरांच्या तोंडून "पण इतकं सोपं कसं..." निसटायचं. मग लेक डोळे वटारायची.

परीक्षेच्या दिवशी मास्तर फाटकाबाहेर तीन तास उभे होते. तेवढ्यात बाहेरचा एक ठिबकणारा नळही त्यांनी दुरुस्त करून टाकला, कुणी न सांगता. टिचकी बाहेर आली.

"किती?"

"अडतीस. दोन सोडले. तिथे खरंच फरशा उचकटाव्या लागल्या असत्या."

महिन्याने शाळेचं पत्र आलं. आईने मोठ्याने वाचलं, निवड झाली म्हणून. टिचकीने उडी मारली. मास्तरांनी मात्र पत्र हातात घेतलं, उजेडासमोर धरलं, उलटून पाहिलं, पाकिटात आणखी काही राहिलंय का तेही चाचपलं.

"लिहिलंय तर निवड झाली म्हणून. पण..."

"बाबा," टिचकी कमरेवर हात ठेवून म्हणाली, "बादली कुठे आहे?"

मास्तरांनी पत्रातल्या तिच्या नावावर बोट ठेवलं आणि बराच वेळ तिथून उचललंच नाही.