वाटीला लागलेल्या मुंग्या

आमच्या सुनेला पहिल्या बाळंतपणात दूध पुरलं नाही, असं पाहुण्यांत सांगितलं जातं. ते खरं नाही. दूध होतं. ते मी बंद पाडलं.

माझी सगळी नोकरी लातूर जिल्ह्यात दूध संकलन केंद्रावर झाली. दुधात पाणी घालणारे लॅक्टोमीटरवर सापडत. काही हुशार लोक पाण्यावर साखरही घालत, म्हणजे दूध पुन्हा घट्ट दिसे. तेही मी जिभेवर घेऊन ओळखायचो. अशा कामात नजर बिघडते. कॅन दिसला की त्यामागचा माणूस लबाड वाटू लागतो.

सून पहिल्या बाळंतपणाला माहेरी नांदेडला गेली आणि तिथं तिला शुगर निघाली. मला व्याह्यांचाच संशय आला. पोरीला आधीपासून असणार, लग्नात लपवलं असणार. बायको म्हणाली, "गरोदरपणात होती कुणाकुणाला. मागनं जाती."

"तुला कुणी सांगितलं? विहीणबाईनंच ना?"

नात झाल्यावर आम्ही नांदेडला गेलो. बाळ गुटगुटीत होतं, पण दूध उतरायला वेळ लागत होता. डॉक्टरीणबाईंनी समजावलं, की शुगर असलेल्या बाईचं दूध थोडं उशिरा उतरतं, सुरुवातीच्या दुधात थोडाफार फरकही असू शकतो, पण बाळाला चांगलं तेच, पाजत राहा. त्यातला 'फरक' तेवढा मी उचलला. कसला फरक, ते विचारलं नाही. बाई व्याह्यांच्याच गल्लीतल्या, त्यांच्याच बाजूनं बोलणार, असं मनात धरलं.

पुढं दूध उतरलं. मी बायकोकरवी वाटीत थोडं मागवलं. सुनेला वाटलं, डॉक्टरांनीच मागितलंय. दूध पातळ, निळसर होतं. म्हशीच्या दुधाची सवय असलेल्या डोळ्यांना ते दूधच वाटेना. वाटी खिडकीत ठेवली. चहा होईपर्यंत मुंग्यांची रांग लागली.

आमच्याकडं जुनी माणसं लघवीला मुंग्या लागल्या की शुगर ओळखत. मी तेच दुधाला लावलं. वाटी उचलून सगळ्यांपुढं धरली.

"बघा. आईची शुगर दुधात उतरली. लेकराला बी रोग लावायचा का?"

विहीणबाई म्हणाल्या, "भाऊ, आईचं दूध गोडच असतंय की."

"मग लग्नात का नाही सांगितलं?"

सून भिंतीकडं तोंड करून निजली. बाळाला डब्याचं दूध सुरू झालं आणि तिचं आटून गेलं. पुढं तिची शुगर नॉर्मल आली. तो रिपोर्टही मी दुसऱ्या लॅबमधून पुन्हा करायला लावला.

खरं तर केंद्रावर दूध सांडलं की मुंग्या लागायच्याच. फरशी मीच फिनेलनं धुवून घ्यायचो. कुठल्याही दुधाला मुंग्या लागतात, हे माझ्याइतकं त्या खोलीत कुणाला माहीत नव्हतं. कुणाच्या दुधावर ठपका ठेवायचा तर शेजारी चांगल्या दुधाचा नमुना ठेवून मगच मी बोलायचो. त्या दिवशी शेजारी दुसरी वाटी ठेवली नाही.

यंदा सून पुन्हा गरोदर राहिली आणि पुन्हा शुगर निघाली. या वेळी बाळंतपण लातुरातच करायचं ठरलं. एक दिवस तिनं दुधाच्या पावडरीचा डबा आणवून फडताळात ठेवला. आत्ताच कशाला, असं मी विचारलं.

"माझं दूध बाधतं ना मामा लेकराला. तुम्हीच दाखवलं होतं."

ती चिडून बोलली नव्हती. तिनं ते खरं मानलं होतं.

सकाळी गवळी येऊन गेल्यावर मी म्हशीचं दूध वाटीत घेऊन खिडकीत ठेवलं आणि तिला बोलावलं. मुंग्या आल्या. केंद्रावरचं सगळं सांगितलं. ती वाटीकडं पाहत राहिली.

"म्हंजे म्हशीला बी शुगर हाय म्हणा की, मामा."

मला हसता आलं नाही. तीही हसली नाही.

"तवाच का न्हाई ठेवली ही वाटी?"

"तुझ्या बापाला खोटं पाडायचं होतं."

तिनं दूध मोरीत ओतलं, वाटी विसळून पालथी घातली आणि आत गेली.

नातू झाला. याही वेळी दूध लवकर उतरेना. बाळ रडलं की बायको दवाखान्यात सोबत आणलेल्या डब्याकडं बघायची. खोटं कशाला सांगू, माझ्याही मनात जुना किडा वळवळला. सिस्टरनी बाळाची शुगर तपासली, चांगली आहे म्हणाल्या. बायकोचा हात तरी डब्याकडं गेलाच.

"थांबा आत्याबाई," सून म्हणाली. "सिस्टर पाजत राहा म्हणल्यात. आन् मामांना बाहेर बसवा."

मी बाहेर बाकावर जाऊन बसलो. दवाखान्यातून सुट्टी व्हायच्या आधी मुलगा डबा घेऊन बाहेर आला. सील तसंच होतं. "दूध उतरलं. दुकानदार परत घेतो का बघतो," म्हणाला. मला आत कुणी बोलावलं नाही.

त्या पहिल्या वाटीचं खरं सांगायला मी तिथूनच नांदेडला फोन लावला. विहीणबाईंनी उचलला. माझा आवाज ऐकून म्हणाल्या, "बोला भाऊ. आता काय निघालं?"