डिचोलीच्या फ्लॅटचा कौल

लेकीच्या फ्लॅटसाठी मी देवळात कौल लावला आणि घरी येऊन खोटं सांगितलं. पुरतं खोटं नव्हे, अर्धं. अर्ध्या खोट्याला डोकं जास्त लागतं, आणि ते तेव्हा माझ्याकडे भलतंच होतं. पन्नाशी ओलांडलेली, केसांना कलप लावणारी, अख्ख्या सुर्ला गावात न मागता सल्ले वाटत फिरणारी बया होते मी.

लेक-जावई भाड्याच्या दोन खोल्यांत राहत. जावई सावंतवाडीकडचा, पेडण्याजवळच्या तुयेच्या औद्योगिक वसाहतीत कामाला. म्हणून दोघं पेडण्यात फ्लॅट बघत होती. पेडणे माझ्यापासून लांब, बस बदलत जायचं. डिचोलीला मात्र डब्यातलं सुकं गरम असतानाच पोचता येतं. मग मीच डिचोलीत फ्लॅट शोधून काढला. दुसरा मजला, खाली रुंद रस्ता, खिडकी उघडली की वारा. लेकीला आवडला. जावई गप्प होता, पण तो नेहमीच गप्प असतो, असं म्हणून मी पुढे गेले.

लेक म्हणाली, "आई, तू देवाला विचार. उजवा दिला तर घेऊया."

आमच्याकडे मूर्तीवर दोन्ही बाजूंना पाण्याने पाकळ्या चिकटवतात आणि भटजी आपलं गाऱ्हाणं देवाला घालतात. उजवीकडची पाकळी पडली तर हो, डावीकडची पडली तर नको. भटजींनी विचारलं, फ्लॅट घेऊ? डावी पडली.

"भटजी, देवाला नीट कळलं नसेल. लेक आईच्या जवळ राहील, तेही सांगा."

त्यांनी सांगितलं. पुन्हा डावी.

"झालं ना बाये आता?"

"शेवटचं एकदा. विचारा, नुसता परत बघून येऊ का?"

भटजी हसले, पण विचारलं. उजवी पाकळी टपकन पडली. बघून यायला कुठला देव नको म्हणेल?

घरी येऊन मी सांगितलं, "देवाने उजवा दिला." लेकीने देव्हाऱ्यात साखर ठेवली. जावई म्हणाला, "बरा." देवानेच हो म्हटल्यावर तो आणखी काय बोलणार?

फ्लॅट घेतला. खाणी बंद होत्या तेव्हा. सगळं कसं शांत. खनिजाचे ट्रक बघत जन्म गेला माझा, अंगणातली तुळस वर्षानुवर्षं त्यांच्या धुळीने लाल पाहिलेली. डिचोलीतला तो रस्ता एवढा रुंद कुणासाठी केलाय, हे मला कुणी सांगायला नको होतं. पण मला फक्त लेकीचा ओटा दिसत होता, आणि त्यावर ठेवलेला माझा डबा.

मग खाणी सुरू झाल्या. ट्रकमागून ट्रक. ज्या खिडकीचं मी कौतुक केलं होतं, ती लेकीने बंद केली ती कायमची. वाळत घातलेल्या चादरी तांबूस होऊन घरात येऊ लागल्या. तेही एक वेळ चाललं असतं. पण जावई रोज मोटारसायकलने तुयेला जायचा, तास जायला, तास यायला, पावसातसुद्धा. संध्याकाळी दारात बसून बूट काढायचा आणि मग बराच वेळ उठायचाच नाही. पुढे कमरेला पट्टा आला. मी डबा घेऊन आलेली असायचे. त्याच्याकडे न बघता लेकीशी कालवणाबद्दल बोलत राहायचे. इतकी वर्षं मी त्या कालवणाबद्दलच बोलतेय.

आता नात कमावती झालीय. गेल्या महिन्यात सगळे जेवायला बसलो असताना म्हणाली, "आजी, पेडण्यात एक फ्लॅट बघितलाय. माझ्यासाठी कौल लाव ना, तुझा हात चांगला आहे."

मी म्हटलं, "आधी कामाच्या दिवशी जाऊन बघ, रविवारी नको. रविवारी सगळेच रस्ते साधू असतात. दारातून निघून तुझ्या ऑफिसपर्यंत, तुझ्या वेळेला, गाडी चालवून बघ. भर पावसात एकदा जा आणि भिंतींना हात लाव. पाणी किती वेळ येतं ते बिल्डरच्या माणसाला विचारू नको, खाली कपडे वाळत घालणाऱ्या बाईला विचार. इमारत राहायला योग्य असल्याचा पंचायतीचा दाखला हातात घेऊन वाच. 'येतोय, येतोय' म्हणाले तर ऊठ तिथून."

"एवढं सगळं मी करायचं? मग देवाला काय विचारायचं?"

"देवाला काही विचारू नको गो. निदान माझ्याकडून तरी नको."

"का?"

आणि मग सांगून टाकलं. डावी, परत डावी, आणि बघून यायची ती उजवी. नात आधी खो खो हसली, मग तिने बापाकडे बघितलं. लेक म्हणाली, "आई गो, काय केलंस हे!" मी ताटातला भात उगाच कालवत राहिले. वाटलं, जावई उठून जाईल. तो उठला नाही. मासा निवडता निवडता, आवाज न चढवता म्हणाला,

"मामी, देवाक तुम्ही तीनदा इचारलात. माका एकदाय नाय."