दहावी ‘ब’चं मनोगत

“आईचं पुराण कशाला? मनोगत म्हणजे शाळेचे आभार मानायचे गं,” वर्गबाई म्हणाल्या आणि माझ्या कागदावर लाल रेघ ओढली. “इथे लिही, शाळेने आम्हाला माणसात आणलं.”

“आम्हाला म्हणजे कोणाला, बाई?”

“तुम्हा लोकांना. भांडुपच्या टेकडीवरच्या झोपड्यांतून येता ना?”

स्टाफरूममधले दोन सर हसले. मी मुकाट्याने लिहिलं. मनोगत म्हणजे मनातलं, असं आठवीत याच बाईंनी शिकवलं होतं. पण बोर्डाच्या परीक्षेची हॉल तिकिटं त्यांच्या कपाटात होती. माझं अडवलं तर वर्ष बुडणार, एवढंच डोक्यात.

मुलुंडची ती शाळा. निरोप समारंभात प्रत्येक तुकडीतून एकजण मनोगत बोलायचा, बाईंनी तपासलेलं. पूर्वपरीक्षेत पहिली आले म्हणून या वर्षी मी.

समारंभाला सगळ्या मुली आयांच्या साड्या नेसून आल्या. माझी आई चार घरची धुणीभांडी करते. त्या दिवशी एका घरी उशिरा जाऊन, बोलणी खाऊन तिने मला साडी नेसवली होती.

माइकसमोर कागद वाचू लागले. त्या ओळीपाशी आले आणि ती तोंडातून निघेना. आई माणसात नव्हती का? मग मी म्हणाले, “मला कोणी माणसात आणलं नाही. मी माणसातच जन्मले. शाळेने शिकवलं, त्याचे आभार.”

कोणी टाळी वाजवली नाही. खाली उतरले तर बाई हळूच म्हणाल्या, “उद्या हॉल तिकीट न्यायला येशीलच ना.”

घरी सांगितलं. आईचा चेहरा उतरला. “कशाला बोललीस गं? वर्ष गेलं म्हंजे?” मला तिचा राग आला, आणि मी तिच्याच कुशीत रडले. दोघीही घाबरलो होतो.

दुसऱ्या दिवशी सगळ्यांना तिकिटं मिळाली. माझं बाईंनी हातात धरून ठेवलं.

“आधी माफी लिहून दे.”

मी हात पुढे केला.

“माफी नाही लिहिणार, बाई. तिकीट द्या.”

“मग बस तशीच.”

मी स्टाफरूमच्या दारातच बसकण मारली. भीती गेली नव्हती. पण तिकीट घेतल्याशिवाय मी उठणार नव्हते.