लाभाचा पिस्टन

गोठ्यात बैल होते तेव्हा तरी हातपाय हलवायला जागा होती. ह्यांनी तिथं एका बागाईतदारानं टाकून दिलेली जुनी मोटार आणून कोंबली आणि मला सरपण काढायलाही अंग चोरून आत जावं लागायला लागलं. मी रोज चिडायचे. पण मोटार सासऱ्यांसाठी होती, म्हणून जीभ आवरायचे.

गाडीवरून पडल्यापासून तात्यांचा गुडघा वळत नव्हता. एसटीची पायरी चढवेना, बैलगाडीचे हिसके सोसवेनात. लेक इंदापूरला दिलेली. तिची सासू अंथरुणाला खिळलेली, म्हणून तिलाही बारामतीला आमच्याकडं येता येईना. चार वर्षं बापलेकीची भेट नाही. तिसरं पोर तर तात्यांनी पाहिलंच नव्हतं.

"पोरं वळखत्याल का गं मला?" असं ते मला विचारायचे. काय सांगणार, कप्पाळ!

ह्यांचा हात विहिरीवरच्या इंजिनांवर बसलेला. मोटारीचं इंजिन त्यांनी पार उकललं, चारी पिस्टन पुसून सुपात ओळीनं मांडले आणि एकेक हातात द्यायला सूप तात्यांच्या पुढ्यात ठेवलं. ज्याचा त्याच्याच भोकात बसवायचा, एवढंच सांगितलं. गव्हाणीमुळं पुढच्या बाजूला हात नीट पोचेना, म्हणून तिकडचा पहिला शेवटी ठेवून मागच्या चौथ्यापासून सुरू करायचं होतं, ते सांगायचं राहिलं. तात्यांनी जन्मभर खळ्यावर धान्य मापलेलं. पहिल्या मापाला 'एक' नाही म्हणायचं, 'लाभ' म्हणायचं. त्यात तोंडात तंबाखू. पहिला पिस्टन पुढं करून ते म्हणाले, "लाब."

ह्यांना ऐकू आलं, "लाव." लावला, चौथ्या भोकात!

"दोन," म्हणत तात्यांनी दुसरा दिला, तेव्हा ह्यांच्या डोक्यात उजेड पडला. बसलेला पिस्टन ओढून काढताना त्याची रिंग काडकन मोडली. तसली रिंग पुण्याशिवाय मिळत नव्हती.

"तुमी हितं बसूच नका!" हे ओरडले. तात्या काठी टेकत निघून गेले. जेवलेसुद्धा नाहीत.

मग मात्र मी गोठ्यात शिरले. "अवो, म्हाताऱ्याला रडवायचं आन् त्यालाच मोटारीत बसवायचं व्हय? आधी माणूस जोडा, मग इंजिन!"



आठ दिवसांनी रिंग आली. तोवर तात्यांनी गोठ्याकडं पाय वळवला नव्हता. ह्यांनी मागचे तीन पिस्टन बसवले, उरलेला पहिला हातात घेतला आणि पडवीत येऊन तात्यांसमोर उकिडवे बसले.

"तात्या, ह्याला काय म्हणायचं?"

तात्यांनी पिस्टन हातात घेऊन उलटासुलटा पाहिला. मग म्हणाले, "लाब."

"मग लावू?"

"लाव की, गाढवा."

मला हसू आलं आणि रडूही.

मोटार धूर ओकत, दोनदा थांबून का होईना, इंदापूरला पोचली. नणंद कणकेच्या हातानं पळत आली आणि बापाच्या गळ्यात पडली. तात्या दारातल्या बाजेवर बसले. पोरं ओळीनं पुढं आली. थोरलीच्या डोक्यावर हात ठेवून तात्या म्हणाले, "लाब." मधल्याच्या डोक्यावर, "दोन." तिसरं त्यांच्या मांडीवर दिलं, तेव्हा त्यांना पुढं बोलवेना.

"तीन, तात्या," हे म्हणाले.