थांबली की आमेन

वर्डेल गॅड्सन तासभर गप्प बसली, तर आमच्या पाइन ब्रँचमधल्या बायका डॉक्टरला बोलावतील. तिच्या पार्लरमध्ये गावाच्या तीन पिढ्यांचे कुरळे केस गरम कंगव्याखाली सरळ झाले, आणि तिच्या जिभेखाली बायकांचे काही नवरेही.

त्या जानेवारीत राष्ट्राध्यक्षपदाच्या उमेदवारीसाठी एकाच पक्षातला एक काळा गडी आणि एक गोरी बाई समोरासमोर उभे ठाकले. झालं! टीव्हीवाल्यांना साउथ कॅरोलायनातल्या काळ्या बायकांचा अचानक उमाळा आला. एरवी वादळानं छपरं उडाली, तरच आमच्याकडे कॅमेरा फिरकायचा.

क्लेअर नावाची गोरी, चुणचुणीत वार्ताहर पार्लरमध्ये आली. वर्डेलनं तिला पुन्हापुन्हा एकच गोष्ट सांगितली. गावच्या इस्पितळातला बाळंतपणाचा विभाग बंद पडलाय. नात केंड्राला आठवा महिना लागलाय, आणि आता बाळंतपणासाठी साठ मैल जायचं. "जो कुणी तो विभाग पुन्हा उघडेल, त्याला माझं मत. अजून माझं काही ठरलेलं नाही," वर्डेल म्हणाली. क्लेअरनं मान डोलावली, कॅमेऱ्याकडे वळली आणि ठसक्यात म्हणाली, "इथं मत पडणार ते रंग बघूनच." आणि श्वास घ्यायला थांबली.

तिथंच घात झाला. आमच्या चर्चमध्ये पाद्री वाक्य संपवून थांबला, की ती मोकळी जागा भरायची ती मंडळींनी. पाळण्यातली सवय ती! केस वाळवायच्या टोपाखाली बसलेल्या बायकांना त्या घरघरीत अक्षरही ऐकू येत नव्हतं. पण बोलणारीचं तोंड मिटलेलं दिसलं, आणि सगळ्यांनी एका सुरात ठणकावलं, "आमेन!"

संध्याकाळी देशभर तेवढंच दिसलं. इस्पितळ गायब. वर्डेलला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

"आजी, माझं पोट एवढं मोठं, तरी टीव्हीत मावलं नाही गं?" केंड्रा म्हणाली. ती हसली, पण वर्डेलला हसू आलं नाही. साठ मैलांच्या धास्तीनं पोरीची झोप उडाली होती, हे तिला ठाऊक होतं.

दुसऱ्या दिवशी वर्डेलनं टोपाखालच्या बायकांपैकी लुटी मे हिला फैलावर घेतलं. "काय ऐकलंस म्हणून आमेन म्हणालीस गं?"

"ऐकायचं कशाला? ती थांबली ना!"

वर्डेल तिच्याकडे बघतच राहिली. मग जी खो खो हसली, ती टेबल धरूनच खाली बसली.

तो तुकडा गाजल्यामुळे क्लेअर पुन्हा येऊ म्हणाली. "थेट दाखवणार असाल तर या, बाळे," वर्डेलनं कळवलं. कॅमेरा सुरू व्हायच्या आधी तिनं सगळे ड्रायर बंद केले.

"मिस वर्डेल," क्लेअरनं विचारलं, "मत देताना तुम्ही आधी काळ्या, की आधी बाई?"

"बाळे, सकाळी अंथरुणातून मी दोन्ही एकदमच उठते." वर्डेल थांबली.

"आमेन!"

"आणि माझी केंड्रा बाळंत व्हायला जाणार साठ मैलांवर."

"सांग, सांग त्यांना!"

"वाटेत कळा आल्या, तर ती काळी काय नि दुसरी गोरी काय—"

"होय गं बाई!"

"पोर होणार ते गाडीच्या सीटवरच!"

"आमेन!"

क्लेअरनं मध्ये शिरायला दोनदा तोंड उघडलं. पण वर्डेल थांबली की बायका, आणि बायका थांबल्या की वर्डेल. वेळ संपला. शेवटी क्लेअरच हसत सुटली. केंड्रा पोट सांभाळत पुढं आली आणि कॅमेऱ्याला ऐटीत हात हलवू लागली. वर्डेलच्या आनंदाला पारावार राहिला नाही.

दुसऱ्या दिवशी दोन्ही उमेदवारांच्या कचेऱ्यांतून फोन आले. रंगाचं कुणी नावही काढलं नाही. दोघांनीही आधी हेच विचारलं, की केंड्राचे दिवस कधी भरतायत.