दादांची ताठ कंबर

मी सर्वांत जास्त ऋणी आहे तो माझ्या थोरल्या भावाचा. भवानी पेठेतल्या कारखान्यात यंत्रमागावर उभं राहून दादांनी मला शिकवलं. घरातला पहिला पदवीधर मी. आणि गेलं वर्षभर मी त्यांचाच हेवा करत आलो.

आम्हा दोघांची कंबर कित्येक वर्षं दुखायची. एमआरआयमध्ये दोष सारखाच निघाला. शेवटचा मणका जन्मापासून एका बाजूनं कमरेच्या हाडाला जुळलेला. दुखणं तिथलंच आहे का, हे बघायला डॉक्टरांनी पडद्यावर एक्स-रे बघत त्या जागी बधिर करणारं इंजेक्शन दिलं. म्हणाले, "असर चार-पाच तास. तेवढ्यात ज्या कामानं दुखतं तेच काम करा आणि मला सांगा."

दादा दवाखान्यातून थेट मागावर गेले. दुखलं नाही. संध्याकाळी कळ परत आली. डॉक्टरांना हेच हवं होतं; म्हणजे दुखणं त्या हाडाचंच. माझी कंबर ऑफिसच्या खुर्चीत दुखते, पण इंजेक्शननंतर आराम करावा असं समजून मी मोहोळला घरी येऊन गादीवर पडलो.

दादांचा फोन आला. "कुटं हायस?"

"घरी. पडलोय."

"आरं, काम कर म्हणलं हुतं की. पदवी घेतलीस न् ऐकायचं इसरलास व्हय?"

मी हसलो, पण ते मला लागलं.

पडून माझी कंबर एरवीही दुखत नाही, त्यामुळे माझ्या चाचणीतून काहीच कळलं नाही. दादांची शस्त्रक्रिया झाली. संगणकावरच्या चित्राच्या आधारानं जुळलेलं हाड तेवढं कोरून काढलं. काही महिन्यांनी वहिनी म्हणाल्या, "आता सोता वाकून चप्पल घालत्यात." मी पाठीमागची उशी सरकवत ऐकत होतो. आई एक, दोष एक, मग सुटका त्यांचीच का? मी दादांकडे जाणंच बंद केलं. फोनवर बोलायला जीभ रेटेना, म्हणून पत्र पाठवलं.

"दादा, नमस्कार.

गेले तीन रविवार कामाचं कारण सांगितलं, ते खोटं होतं. तुम्ही कठडा न धरता जिना चढता, ते मला बघवत नाही. तुमच्या जिवावर शिकलो आणि तुम्हीच बरे झालात तर जळतो. याची लाज वाटते, पण जळणं थांबत नाही.

डॉक्टर पुन्हा इंजेक्शन द्यायला तयार आहेत. मीच दोनदा तारीख पुढे ढकलली. माझं दुखणं त्या हाडाचं नाहीच असं निघालं तर शस्त्रक्रियेची आशाही गेली, ही भीती आहे. आता सोमवार ठरलाय. सोबत या. तसं निघालंच, तर मला समजावू नका. नुसतं शेजारी बसा.

तुमचा धाकटा"