गोजराची पांढरी बाटली

"तपकिरी यायला पाहिजे."

"नाही येत, सर."

"मग आणायला पाहिजे!"

हे भांडण मी ऐकलं तेव्हा मी धक्क्याखाली कालवं फोडत बसले होते. धक्क्यावर ठाण्याच्या कॉलेजातले रसायनाचे सबनीस सर, आणि खाली चिखलात पोटरीपर्यंत रुतलेली गोजरा, माझ्या चुलत दिराची, गोटीरामाची पोरगी. मी तिथं आहे हे दोघांनाही ठाऊक नव्हतं. फळ्यांच्या फटीतून मला सरांचे बूट तेवढे दिसत होते. तपकिरी, चकचकीत. त्यांना हवा होता तो रंग त्या दिवशी त्या बुटांतच होता.

ऐंशी-एक्याऐंशीचं साल असेल. आमचं गाव दिघ्याच्या पलीकडं, खाडीला लागून. गोजरा बी.एस्सी.च्या शेवटच्या वर्षाला. आमच्या गावातून सायन्सला गेलेली ती पहिली, आणि गेली ती हौसेनं नव्हे, रागानं. ती लहान होती तेव्हा एका सकाळी खाडीत बोयटी पोट वर करून तरंगत आल्या. म्हातारे म्हणाले, देवी कोपली. खाडीत नाला सोडणाऱ्या कंपनीचा साहेब म्हणाला, ऊन फार पडलंय. गोजरा म्हणाली, "काकी, उनानं मेलेल्या माशाला रॉकेलचा वास येतो का गो?" मी दुसरी पास, तीसुद्धा मास्तरांच्या दयेनं. मी काय सांगणार? पोरीनं तो प्रश्न कॉलेजपर्यंत नेला.

कॉलेजात पाण्याची तपासणी करायची होती. त्यासाठी तिच्याकडं तिरप्या बुचाची काचेची बाटली असायची. ती पाण्यात बुडवायची आणि पाण्यातच बूच लावायचं. आत एक बुडबुडा राहिला तरी मेहनत फुकट. मग तिथंच उभ्याउभ्या दोन औषधं सोडून बाटली हलवायची. पाण्यात माशाला श्वास घेण्याइतकी हवा असली तर तळाला तपकिरी गाळ बसतो. हवा नसली तर पांढरा, पातळ ताकासारखा. एवढं मला तिनंच शिकवलं, भाकऱ्या थापताथापता.

आता बघा गंमत. सर वर्गाला घेऊन बसनं यायचे ते भरतीला. भरतीला पाणी धक्क्याच्या पायरीला लागतं, बूट ओले होत नाहीत. पाणी पायरीला कधी लागेल हेही ते गोजरालाच विचारून ठरवायचे. साऱ्या पोरांच्या बाटल्या तपकिरी! समुद्रानं नुकतंच आणलेलं पाणी ते, तपकिरी होणारच. ओहोटीला समुद्र मागं सरतो आणि मग चिखलातून वाहतो तो कंपनीचा नाला. गोजरा दर शनिवारी ओहोटी बघून त्या चिखलात उतरायची. तिची बाटली पांढरी.

त्या दिवशी तिनंच सरांना ओहोटीला बोलावलं होतं. "सर, तुम्ही खाली उतरा. तुमच्या हातानं भरा. माझी बाटली धुतलेली नसेल तर तुमची घ्या."

बूट जागचे हलले नाहीत.

"बाकीच्या मुलांचं आलं ते काय खोटं?"

"खोटं नाही सर. ते समुद्राचं आहे. मी नाल्याचं विचारतेय."

"हे बघ गोजरा, प्रयोगशाळेतली कपाटं, काचसामान, सगळं कंपनीनं दिलंय. त्यांचे साहेब तुमचं काम बघायला येणार आहेत. आकडे बदल. नाहीतर जर्नलवर माझी सही मिळणार नाही. सही नाही तर प्रॅक्टिकलला बसता येत नाही. बाप चिखलातून वर काढतोय तुला, आणि तू परत चिखलातच?"

मग सर जरा मऊ आवाजात म्हणाले, "आणि तुमची खाडी मेली म्हणतेस, तर मागच्या महिन्यात तुझ्या आईनं मला एवढ्या मोठ्या चिंबोऱ्या खाऊ घातल्या त्या कुठल्या?"

इथं गोजराला उत्तर देता आलं असतं. तिनं बाटली पिशवीत ठेवली. माझ्या हातातलं कालव मात्र हातातच राहिलं.

कारण ते खेकडे, त्या चिंबोऱ्या, ठाण्याच्या बाजारातल्या होत्या. गोजराची आई चांगुणाबाई पहाटेच्या गाडीनं जाऊन, पदराखाली पिशवी लपवून घेऊन आली होती. खाडीकाठच्या घरात पाहुण्याच्या ताटात विकतची चिंबोरी पडली हे कळलं तर बाईला तोंड लपवायला जागा नाही. धक्क्याची चार कालवं सोडली तर खाडीत काही उरलं नाही हे गावात प्रत्येकीला माहीत. पण पाहुण्यासमोर कुणी तसं म्हणत नसे. सरांनी दोनदा रस्सा मागून घेतला, बोटं चाटली, "ताज्या आहेत हो!" म्हणाले. आणि तोच रस्सा आता पोरीच्या तोंडावर मारत होते. खाल्ल्या अन्नाची अशी परतफेड मी उभ्या जन्मात बघितली नाही. अजून आठवलं की डोकं तापतं.

घरी गोजरानं सहीचं तेवढं सांगितलं, चिंबोऱ्यांचं नाही.

चांगुणाबाई म्हणाली, "लिव ना गो तपकिरी! तुजं काय जातंय?"

"आई, शिळी मासली तू ताजी म्हनून इकशील?"

"इकते की! बाजार उठायच्या वक्ताला समदीच इकतात. तू काय हरिश्चंद्राची नात हायस?"

मला हसूही आलं आणि रागही. गोटीराम उंबऱ्यात बसला होता. फार न बोलणारा माणूस. त्या पाण्यापायी त्यानं होडी आणि जाळं विकलं होतं, आणि त्या दिवसापासून तो खाडीकडं पाठ करूनच बसायचा. तो म्हणाला, "मी जालं इकलं. आता पोरीनं काय इकायचं?"

चांगुणाबाई चुलीकडं वळली. मग मीच तिला सरांचं चिंबोऱ्यांचं बोलणं सांगितलं. तिनं फुंकणी खाली ठेवली. धूर डोळ्यांत जाऊ दिला आणि म्हणाली, "माझ्या रांधनाची साक्ष काढतो मेला?"

प्रॅक्टिकलच्या दिवशी शनिवार होता. आकडे बदलले नाहीत, म्हणून गोजराचं नाव यादीत नव्हतं. तरी ती उजाडता ओहोटीला उतरली, नेहमीसारखी. मग चांगुणाबाईनं ठेवणीतलं लुगडं नेसलं, मला म्हणाली, "चल गो, सोबत ये," आणि आम्ही तिघी बसनं ठाण्याला गेलो.

प्रयोगशाळेबाहेर सर भेटले. चांगुणाबाईनं त्यांना हात जोडले. त्या बाईनं आयुष्यात कुणापुढं मान खाली घातली नव्हती. मासळीच्या बाजारात तिच्या जिभेला पोलीससुद्धा भ्यायचे.

"मास्तर, त्या चिंबोऱ्या इकतच्या व्हत्या."

सरांना आधी काही कळेना. "कुठल्या?"

"तुमी खाल्ल्या त्या. ठान्याच्या बाजारातल्या. आमच्या खाडीत चिंबोरी नाय रायली. लाज वाटली म्हनून बोलले नाय. पोरीचं पानी खरं हाय. माझा रस्सा खोटा व्हता."

वऱ्हांड्यात पोरं उभी होती. सगळ्यांनी ऐकलं. सरांचे कान लाल झाले. मला वाटलं, आता तरी हा माणूस पेन काढील. ते घड्याळाकडं बघून म्हणाले, "बाई, यादी केव्हाच गेली. आता माझ्या हातात काही नाही." पेन खिशातच होतं. मी बघितलं.

पोरीचं वर्ष गेलं ते गेलंच. पुढच्या वर्षी सरांच्या जागी दुसऱ्या बाई आल्या, त्यांनी पांढऱ्याला पांढरं म्हटलं आणि गोजरा पास झाली. आता ऐरोलीच्या शाळेत शिकवते. लोक म्हणतात, शेवट गोड झाला ना? कसला गोड! खरं बोलण्यापायी एक वर्ष जातं आणि भरतीचं तपकिरी लिहिणारी पोरं वेळेत सुटतात, हा कुठला न्याय? त्यातला एक तर त्याच कंपनीत पाणी तपासायला लागला.

पण त्या दिवशी आम्ही निघालो तेव्हा गोजरा थांबली. नळावर तिनं पायांचा उरलासुरला चिखल धुतला, पिशवीतून बाटली काढली आणि पाठीमागच्या दारानं आत गेली. आम्ही दारातून बघत होतो. आत परीक्षा चालू होती. मांडणीवर दर शनिवारची बाटली ठेवायची तिची जागा होती, भिंतीकडची. तिथं तिनं सकाळची बाटली ठेवली, तिच्यावरची तारखेची चिठ्ठी बाहेरच्या बाजूला येईल अशी फिरवली, बूच बोटानं दाबून बघितलं.

सर मागून आले. "अगं, ही कशाला आणलीस? आता लागत नाही."

"आज शनिवार आहे, सर," गोजरा म्हणाली, आणि ओले हात पदराला पुसत आमच्याकडं आली.